डाव्या हाताला भात्याची सवय

माझा उजवा हात कलावंत आहे. तो सूर वाजवतो, खडू धरतो, रांगोळी काढतो आणि वर्गात गोंधळ झाला की हवेत असा काही फिरतो की शेवटच्या बाकावरचाही गप्प बसतो. डावा हात गडीमाणूस. शाळेत संगीत शिकवायला लागल्यापासून रोज सकाळी तो पेटीच्या मागे जायचा आणि मुकाट्याने भाता मारायचा. उजव्याने सूर, डाव्याने वारा, अशी आमची प्रार्थना चालायची. कौतुक सगळं उजव्याचं. डाव्याने कधी तोंड उघडलं नाही.

मग पेटी गेली. दुरुस्ती करणाऱ्याने तिचं पोट उघडलं, आत टॉर्च मारला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"बाई, आतून गंजली की सगळी. आता हिच्यावर फुलदाणी ठेवा."

माझी चार दिवस रडारड झाली. तेवढ्यात माजी विद्यार्थ्यांनी शाळेला विजेवर चालणारा पियानो भेट दिला. लांबलचक, काळाभोर, स्वतःच्या पायांवर उभा. मी त्याला हार घातला, कुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्या शाळेसमोर दिमाखात वाजवायला बसले.

उजवा हात सुरांवर गेला. आणि डावा? डावा पियानोच्या मागे गेला, त्याने भाता शोधला, भाता सापडला नाही, तरी गडी मारतच राहिला! हवेत. फटाफट. मला पत्ताच नाही. मी डोळे मिटून तल्लीन. डोळे उघडले तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुली ओठ चावून उभ्या होत्या आणि मागची पोरं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. मधल्या सुट्टीत शाळाभर एकच खेळ सुरू झाला. मी व्हरांड्यातून निघाले की दोन्ही बाजूंची पोरं तोंडं अगदी गंभीर ठेवून डावा हात हलवायची.

हसण्याचं मला काही नाही. मी हसवूनच पोट भरते. पण हसू ओसरल्यावर ऐकू आलं ते वाईट होतं. पेटीचा आवाज मैदानभर पसरतो. या पियानोचा एकेक सूर गळक्या नळासारखा टपटप पडत होता.

मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलं. मॅडम सांगोल्याकडच्या. लहानपणी टँकरच्या रांगेत वाढलेल्या, त्यामुळे शब्दसुद्धा तांब्याने मोजून देतात.

"बाई, हाताला काय झालंय?"

"काही नाही मॅडम. सवय."

"आवाज भरत नाही. देणारे म्हणाले, दोन्ही हातांनी वाजवायचा असतो."

"शिकते की मॅडम."

"दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू. नाहीतर मोबाईलवरची प्रार्थना लावू. स्पीकर आहेच."

तांब्या रिकामा झाला. मी बाहेर आले.

आता मोबाईलवरच्या प्रार्थनेने कुणाचं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. सांगते. आमच्या मैदानावर घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, कन्नड बोलणारी आहेत, दखनी बोलणारी आहेत. सकाळी ती सगळी एका सुरात यायला जरा वेळ लागतो. पहिली ओळ पुढच्या रांगा म्हणतात, मागच्या अजून दप्तरं नीट करत असतात. मी दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी सूर धरून ठेवते. मागचे येऊन मिळतात. मग पुढे. हे थांबणं कुठे लिहिलेलं नाही, पण माझी सगळी नोकरी त्या थांबण्यात आहे. मोबाईल कुणासाठी थांबतो?

तेव्हा सुट्टी लागल्याबरोबर परवानगी काढून पियानो घरी आणला. त्याला चादरीत गुंडाळून रिक्षात आडवा घातला. रिक्षात मला जागा उरली नाही. मागून मी नवऱ्याच्या स्कूटरवर, डोळ्यांत तेल घालून. गल्लीतल्यांना वाटलं, घरात कुणीतरी आजारी आहे. त्यामुळेच सिस्टर सगळ्यांच्या आधी पोचल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, रविवारी चर्चमध्ये पियानो. सगळी गल्ली त्यांना घाबरते, कारण सगळ्या गल्लीला त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं आहे. चादर बाजूला करून त्यांनी पेशंट पाहिला आणि म्हणाल्या, "याला काय झालं नाही. तुला झालंय. दाखव हात."

मी उजवा पुढे केला.

"तो नाही गं. आजारी कुठला, तो दाखव."

डाव्या हाताच्या आयुष्यात त्याला कुणी पहिल्यांदाच स्वतःहून बोलावत होतं. तो लाजत पुढे आला.

सिस्टरनी तीन सूर एकदम दाबायला शिकवले. सा, ग आणि प. करंगळी, मधलं बोट आणि अंगठा. याला कॉर्ड म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं, पण स्वतःच्या बोटांखालून तो निघाला तेव्हा मी "अगंबाई!" म्हणून ओरडले. गळका नळ बंद झाला, हौद भरला!

"आरडाओरडा नंतर," सिस्टर म्हणाल्या. "हे तुझं घर. आता करंगळी घरीच ठेव, अंगठ्याला शेजारी पाठव, ध वर. मधे म. झाला दुसरा. परत घरी ये. आता अंगठा घर सांभाळील. करंगळी एक पायरी खाली उतरू दे, नी वर. मधे रे. तिसरा."

"एवढंच?"

"तुझ्या प्रार्थनेला बास आहे. एक लक्षात ठेव, दोघांनी एकदम घर सोडायचं नाही. एक बाहेर गेला की दुसरा घरी. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. आणि चिडचिड झाली तर मला बोलवायचं, पियानोला मारायचं नाही."

तीन कॉर्ड सुटे सुटे मला लवकर आले. उजव्या हाताबरोबर मात्र एकही येईना. उजव्याने चाल धरली रे धरली की डावा घर, शेजार, पायरी, सगळं टाकून मागे पळायचा आणि भाता मारायला लागायचा. एकदा तर त्याने सिस्टरच्या हातातला चहाचा कप उडवला.

"अय्यो!" म्हणत त्या उठल्या, घरी गेल्या, मुरगळल्यावर बांधतात ती लवचीक पट्टी घेऊन आल्या आणि माझा डावा कोपर बरगडीला आवळून बांधला. "आता पळ बघू कुठं पळतोस ते," हे त्या हाताला म्हणाल्या.

नवरा करकंबचा, बोलणं अजून गावाकडचं. दारात उभा राहून भाकरी खात बघत होता. "आगं, आधी सायकलला पंप मारल्यावानी करत हुतीस. आता पंख बांधलेली कोंबडी दिसतीस की."

"तुमी गप ऱ्हावा."

"मी गपच हाय. ती कोंबडी वाजवतीय."

हात पळायचा थांबला खरा, पण वाजवणं पार मेलं. कॉर्ड कधी आधी पडायचा, कधी उशिरा. सुट्टी संपत आली. फराळाचे डबे रिकामे झाले तरी एक कडवं सरळ निघेना. एका दुपारी मी पट्टी सोडून टाकली आणि सिस्टरना म्हणाले, "राहू दे. लावू दे मोबाईल." आणि खरंच रडायला आलं, नाटकातलं नाही.

सिस्टरनी पट्टी गुंडाळून ठेवली. नर्सना रडणाऱ्यांची सवय असते. मग म्हणाल्या, "पियानो बंद कर. पेटी आहे असं समज आणि प्रार्थना म्हण. हात पळाला तर पळू दे."

मी म्हटली. डावा हात आनंदाने हवेत सुटला. सिस्टर माझ्या तोंडाकडे नाही, त्याच्याकडेच बघत होत्या, मनगटाची नाडी बघावी तशा.

"परत म्हण."

परत म्हटली.

"अगं, हा आजारी नाहीच," त्या म्हणाल्या. "हा बरोबर वेळेवर वारा देतोय. दर खेपेला तिथंच. मीच वेडी, त्याला बांधून ठेवलं. आता तिथंच दाब. भाता पुढं ढकलतेस ना, तिथं कॉर्ड. बाकी काय मोजू नको."

मी पियानो सुरू केला. भाता जिथे ढकलला असता तिथे हात खाली दाबला. घर. पुन्हा तिथेच दाबला. शेजार. घर. पायरी. घर. एक कडवं सरळ निघालं. दारातून नवऱ्याने विचारलं, "कोंबडी कुटं गेली?" मी त्याला गप्प करायला हात उचलला नाही, हे माझ्या संसारातलं पहिलं उदाहरण असेल.

शाळा उघडली. मैदानावर पियानो मांडला. मॅडम शेजारी उभ्या, हातात मोबाईल, अंगठा तयार. मी चेहऱ्यावर राणीसारखा भाव आणला. पहिली ओळ सुरू झाली. कॉर्ड पडला, मैदान भरलं, पुढच्या रांगेतल्या मुलींचे डोळे मोठे झाले. त्या मोठ्या डोळ्यांनीच घात केला. मी खूश होऊन त्यांच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी माझी करंगळी आणि अंगठा, दोघांनी एकदम घर सोडलं.

डावा हात हवेत राहिला. उजवाही थांबला. पियानो गप्प.

मॅडमचा अंगठा हलला.

पण पोरं थांबली नव्हती. पहिल्या ओळीचा शेवटचा सूर त्यांनी धरून ठेवला होता, मी रोज त्यांच्यासाठी धरते तसा. आणि पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सगळे डावे हात हलायला लागले. भाता! एका तालात, माझ्याकडे बघत, दात काढत. चेष्टाच होती ती, मला शंका नाही. पण सगळी शाळा मला वेळ दाखवत उभी होती. मी त्यांच्या हातांकडे बघितलं, भाता पुढे गेला तिथे दाबलं आणि घर सापडलं. आम्ही सगळे मिळून दुसऱ्या ओळीत शिरलो.

शेवटपर्यंत नीट गेलो. शेवटच्या सुरानंतर, खोटं कशाला सांगू, डावा हात पियानोच्या मागे गेला आणि भाता बंद करायची कडी शोधायला लागला.

मॅडम जवळ आल्या. मोबाईल पर्समध्ये टाकला, चेन ओढली.

"मोबाईल थांबला नसता," त्या म्हणाल्या. थोडं चालून परत वळल्या. "आणि बाई, त्या हाताला सांगा, कडी नाहीये."

सांगितलं. तो अजून रोज शोधतो.