गॅसवरची तोफ

चहाचा कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता आणि त्याच्या शर्टाचं बालंट माझ्यावर आलं होतं.

तर माझं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याची ही गोष्ट. मी तेव्हा बजाजनगरला रिक्षांना गॅस किट बसवायचो. सकाळी पेट्रोलची रिक्षा सोडा, संध्याकाळी गॅसवर पळवत घेऊन जा. हात चांगला चालायचा, पण तोंड त्याहून जास्त. मुलगी बघायला गेलं की ते तोंडच नडायचं.

सुवर्णाला मी आतेभावाच्या हळदीत पाहिलं होतं. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. आता झालं काय, की तिचे वडील, बिडकीनचे काशिनाथराव, हवाई दलातून निवृत्त झालेले. उभी नोकरी लढाऊ विमानांच्या तोफा दुरुस्त करण्यात गेलेली. ज्याच्याशी आपल्याला तोफांवर दोन शब्द बोलता येतील त्यालाच पोरगी द्यायची, असा त्यांचा हट्ट. मग आमच्या मामांनी काय करावं? सांगून मोकळे, "आमच्या भाच्याला विमानाच्या तोफांचा लई नाद हाय."

नाद कसला डोंबलाचा! बंदूक म्हटलं की मला जत्रेतले फुगे आठवायचे.

मामांनी हे मला सांगितलं बैठकीच्या आदल्या दिवशी. मी घाईघाईनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस इंग्रजीत सुसाट सुटला होता. मला कळलं ते इतकंच: तोफेला सहा नळ्या असतात, त्या गरागरा फिरतात आणि पाळीपाळीनं गोळ्या झाडतात. नळ्या फिरवायच्या तऱ्हा दोन. अमेरिकन तोफ मोटार फिरवते आणि रशियन तोफ गॅसवर चालते.

गॅसवर! मी व्हिडिओ तिथंच बंद केला. गॅसचं आता मला कोण शिकवणार?

गॅरेजचे उस्ताद रशीदभाई बिचारे म्हणाले होते, "बाता कम करना मियाँ, मुंडी हलाते बैठना." ऐकलं असतं तर तुम्ही आज दुसऱ्या कुणाकडे चहा पीत असता.

बिडकीनला पोहे झाले. सुवर्णा समोर येऊन बसली. मामांनी मला कोपरानं ढोसलं. काशिनाथरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मंग पाव्हणं, तुमच्या मतं मोटारीवरची बरी का गॅसवरची?"

"गॅसवरची," मी ठासून म्हणालो. "खर्चाला परवडती. फकस्त पिकअप मार खातो."

त्यांची भुवई वर गेली. मला वाटलं, गडी खूश झाला. मग काय, माझं तोंड सुटलं. सिलिंडर पायलटच्या सीटखाली बसवू नये, शेपटीकडं बसवावा. पाइपाला अधूनमधून साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघावं. पेट्रोलचं बटण पायलटच्या हाताशी पाहिजे, कारण ऐन लढाईत गॅस संपला तर आभाळात पंप कुठं शोधणार? मामा कौतुकानं मान डोलवत होते.

"आन् गॅसचा वास आला तर?" काशिनाथरावांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"तर आधी खिडकी उघडायची."

"इमानाची?"

"…थोडीशी."

सुवर्णा तोंडाला ओढणी लावून आत पळाली. आत एक ताट पडलं. मग हसण्याचा आवाज आला, आणि त्यात तिच्या आईचाही आवाज होता.

काशिनाथरावांनी मला शांतपणे समजावलं. "पाव्हणं, हा गॅस सिलिंडरचा नाय. बार उडाला की दारूचा जो गॅस जोरात सुटतो, त्यातलाच थोडा वळवून नळ्या फिरवत्यात. मोटारवाल्या तोफेला पुरा वेग धरायला जरा दम लागतो. ही झटक्यात वेग घेती, म्हंजी पिकअप हिचाच चांगला. पहिला धक्का तेवढा द्यावा लागतो, मंग सोताच्याच गॅसवर फिरती. फकस्त हादरे लई. आमच्या इमानाचे दिवे निखळायचे."

मी फरशीवरची नक्षी बघत बसलो. एवढी मनापासून आवडलेली पोरगी मी खिडकीतून घालवली होती, तीही विमानाच्या. मामा तर चपला शोधायला उठलेसुद्धा.

तेवढ्यात काशिनाथरावांनी आत हाक दिली, "सुवर्णे, काय म्हणती?"

ती दारात आली. डोळे पुसत होती, पण हसून हसून. म्हणाली, "बाबा, मोटारवाली दोन स्थळं बघून झाली. मला हे गॅसवरचंच चालंल."

आता सासरेबुवा चारचौघांत माझी ओळख कशी करून देतात, ऐका. "हे आमचे जावई. यांना बाहेरची मोटार लागत नाय, सोताच्याच गॅसवर फिरत्यात."

आणि सुवर्णा आतून ओरडते, "व्हय, पण रोज सकाळी पहिला धक्का मलाच द्यावा लागतो!"