हप्त्याला एक काच

उजेडआण्णांकडं कुणी भेटायला गेलं की ते आधी नमस्कार करत नसत. समोरच्याचे दोन्ही खांदे धरून त्याला खिडकीकडं वळवत, डावा डोळा मिटून त्याच्याकडं बघत आणि मग म्हणत, "हां, आता बोल की." माणूस व्याही असो, नाहीतर संस्थानच्या कचेरीतला कारकून असो, त्याला वळावंच लागे. त्यांचं खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. सांगलीत टांगेवाल्याला 'उजेडआण्णा' एवढंच सांगितलं की तो बरोबर त्यांच्या जिन्याशी आणून सोडी.

मी तेव्हा पलूसजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. लष्करातून परतलेल्या एका सुभेदारांकडून मला एक जुना काचेच्या प्लेटांचा कॅमेरा मिळाला होता, आणि त्यानं मी माणसांची मुंडकी उडवण्याचा सपाटा लावला होता. सरपणाच्या ढिगापासून माझ्या फोटोतलं माणूस वेगळं ओळखू येत नसे. असे सात-आठ फोटो घेऊन एका रविवारी मी माधवनगर स्टेशनावर उतरलो आणि चालत सांगलीला आण्णांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला खिडकीकडं वळवलं, फोटो बघितले, आणि विचारलं, "मास्तर, पोरांना पहिल्याच दिवशी बाराखडी लिहायला लावतोस, का आधी धूळपाटीवर बोट फिरवून घेतोस?" मी म्हणालो, "बोट फिरवून घेतो." "मग रविवारी येत जा," ते म्हणाले.

दर रविवारी आम्ही चौघं जण त्यांच्याकडं शिकायला जात असू. त्यांची रीत ठरलेली होती. हप्त्याला एक काच, आणि त्या काचेवर एक कोडं. 'पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा बैल आण.' 'माणूस नको, त्याची सावली आण, पण माणूस ओळखू आला पाहिजे.' 'सासू-सुनेचं भांडण दोघींच्या पाठीवरून आण.' काच वाया गेली तर दुसरी नाही, पुढच्या रविवारपर्यंत हात चोळत बसायचं. मला तर पहिले सहा आठवडे त्यांनी काचच दिली नाही. रिकामा कॅमेरा घेऊन गावात हिंडायचं, खटका दाबायचा आणि काय आलं असतं ते वहीत लिहून आणायचं. गावाला हे कसं सांगणार? आमचे पाटील दोनदा फेटा बांधून माझ्यापुढं बसले आणि दोन्ही वेळा मी त्यांना "उजेड कमी पडला" म्हणून थापा मारल्या. पाटलांनी पुढं मला मास्तर म्हणणं सोडलं, ते 'रिकामं मडकं' म्हणू लागले.

सावकाश घ्यायच्या फोटोला आण्णा सेकंद मोजत ते 'एक अडकित्ता, दोन अडकित्ते' असे. अडकित्ता म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो असा त्यांचा सिद्धांत होता. पुढं बसलेल्या माणसाला हसू फुटे, आणि तेच त्यांना हवं असे. आम्ही आणलेल्या फोटोवर ते तोंडानं फार बोलत नसत. कात्री घेत, फोटो कापत आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा हातात देऊन म्हणत, "एवढा फोटो हाय. बाकीची तुझी हौस." सुरुवातीला माझ्या डोळ्यांत पाणी येई. पण घरी येऊन तो तुकडा बघितला की पटे, खरंच, एवढाच फोटो होता. मी वडिलांचं ऐकलं नाही इतकं त्या माणसाचं ऐकलं.

आणखी एक शिस्त होती. फोटोची मागची बाजू कोरी ठेवायची नाही. माणूस कोण, जागा कुठली, उजेड किती वाजताचा, आणि पुन्हा कधी मिळेल, या चार ओळी मागं लिहायच्याच. शेवटची ओळ का, तर फोटो फसला तर तोच माणूस त्याच उजेडात पुन्हा गाठता यावा. "हात एकदा बरा पडला म्हणजे शिकलास असं नाही," ते म्हणत. "तोच फोटो तीनदा काढ, मग सांग." मला यात काहीच वावगं वाटलं नाही. मास्तरच्या अक्षराचं चौघांत कौतुक होई आणि मी त्या ओळी बोरूनं वळणदार लिहीत असे.

लढाईमुळं प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या. कोल्हापूरच्या मोठ्या दुकानांतूनही गिऱ्हाईक हात हलवत परत येई. आण्णांच्या कपाटात मात्र नवी खोकी दिसत. आम्हाला त्याचा केवढा अभिमान. आमच्यातला एक जण विचारायचा, "आण्णा, हे आणता कुठनं?" आण्णा म्हणायचे, "तुम्ही शिका की. आणायची काळजी माझी." विद्येसाठी जीव टाकणारा गुरू मिळाला म्हणून मी गाडीत बसून परत येताना मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत असे.

बेचाळीसनंतरचे दिवस होते. आमच्या भागातली कितीतरी पोरं घर सोडून भूमिगत झाली होती. त्यातलाच एक दौलू, माझा शाळासोबती. तालमीतलं शरीर, आणि हसला की सगळा चेहरा हसायचा. पोलीस त्याच्या मागावर होते, पण त्याचा फोटो कुणाकडंच नव्हता, त्यामुळं त्याला ओळखणार कसं? तो धनगरासारखी घोंगडी पांघरून सकाळच्या वेळी आमच्या गावच्या गुऱ्हाळावर येई, उकळत्या काहिलीशेजारी ऊब घेई, रस पिई आणि ऊन वर चढायच्या आत उसात दिसेनासा होई. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्याचं आण्णांचं कोडं होतं, 'वाफ आण, पण वाफेत माणूस हरवता कामा नये.' मी गुऱ्हाळावर गेलो. कोवळं ऊन काहिलीच्या वाफेतून तिरपं येत होतं आणि पलीकडं दौलू बसला होता. मी कॅमेऱ्याकडं बोट केलं. तो म्हणाला, "काढ गड्या. आयला दावायला तर व्हईल. पर माजं नाव कुटं घालू नगंस." मी खटका दाबला तेव्हा काहिलीवर गूळ कढवणारा गुळव्या काहीतरी बोलला आणि दौलू हसला. त्या वेळी मला कळलं की आपल्याला फोटो मिळाला. तसं परत आयुष्यात दोनदा-तीनदाच कळलं असेल.

रविवारी काच धुतली, कॉपी काढली. आण्णांनी ती खिडकीशी नेली आणि कात्रीला हात लावला नाही. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोटो उलटा केला. मागं जागा होती, वेळ होती. नावाची ओळ मी कोरी सोडली होती, आणि शेवटचीही.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"नाव नको म्हणालाय तो," मी म्हणालो.

"मग हा फोटो बेवारशी झाला की. दीड वर्ष राबून एक चांगला काढलास आणि तोही अर्धा?" ते खाली बसले. "मी काय गावात दवंडी पिटणार हाय? माझ्या कपाटातून फोटो कधी बाहेर गेलाय?"

मी बोरू उचलला. दौलूचा शब्द मला आठवत होता, पण आण्णांच्या तोंडून एकदा 'बरा आहे' ऐकायचं होतं, आणि सांगली म्हणजे संस्थान, इंग्रजी अंमलातल्या फौजदाराचा तिथं काय संबंध, अशी समजूतही होती. मी पूर्ण नाव लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'रोज सकाळी, ऊन चढेपर्यंत.' आण्णांनी फोटो खणात ठेवला. बरा आहे असं काही ते म्हणाले नाहीत.

पुढच्याच गुरुवारी सकाळी पोलिसांनी गुऱ्हाळाला वेढा घातला. गुऱ्हाळावर तेव्हा घोंगडी पांघरलेले तीन जण होते. फौजदार इतर दोघांकडं न बघता सरळ दौलूपाशी गेला. गावानं संशय गुळव्यावर घेतला. तो परगावचा होता, त्याची बाजू कोण घेणार? पुढच्या हंगामात तो आमच्याकडं आला नाही. तोपर्यंत मला खरं काय ते कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

कळलं ते असं. पंधरा दिवसांनी मला तालुक्याच्या कचेरीत बोलावणं आलं. दौलूचा शाळासोबती म्हणून जबानी घ्यायची होती. फौजदारानं टेबलावर फोटो ठेवला. वाफ, ऊन, आणि हसणारा दौलू. मग त्यानं तो उलटा केला. "अक्षर सुंदर आहे, मास्तर," तो म्हणाला. "माहितीही चोख निघाली." माझ्या चार ओळींखाली लाल पेन्सिलीनं एक शब्द लिहिला होता. शाबास. अक्षर आण्णांचं होतं. दीड वर्ष ज्या शब्दाची वाट बघितली तो मला फौजदाराच्या टेबलावर वाचायला मिळाला. 'केसानं गळा कापणं' याचा मी शाळेत मुलांना कितीदा वाक्यात उपयोग करायला सांगितला होता. त्या दिवशी कळलं की कापताना दुखत नाही, नंतर दुखतं.

मी कॅमेरा ट्रंकेत टाकला आणि सांगलीला जाणं सोडलं. जाऊन भांडावं असं रोज वाटे. पण भांडायला गेलो असतो तर पहिला प्रश्न त्यांनी मलाच विचारला असता, नाव कुणी लिहिलं?

दोन वर्षांनी दौलू तुरुंगातच तापानं गेला. घरी माती द्यायलाही कुणी आणला नाही. महिन्याभरानं त्याची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, त्येचा फोटू काडला हुतासा न्हवं तुमी? त्यो म्हनला हुता मला. योक द्या की. तोंड इसराय लागलीया मी त्येचं." काच आण्णांकडं होती. मला जावंच लागलं.

आण्णा खिडकीशी बसले होते. थकलेले दिसले, आणि त्याचं मला वाईट वाटलं याचा मला राग आला. मी म्हणालो, "दौलू वारला. त्याच्या आईला फोटो हवाय. काच द्या." ते उठले, कपाटातून एकाच हिसक्यात काचेचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. शोधावं लागलं नाही.

"का दिलात तुम्ही फोटो?" मी विचारलं.

"प्लेटा येत होत्या कुठनं असं वाटलं तुला?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "पोलिसांनी चेहरे मागितले. मी म्हटलं, पोरं शिकतात तरी. शिकवणं बंद पडलं असतं, मास्तर."

"असलं शिकून काय करायचं होतं आम्हाला?"

ते खिडकीकडं वळले. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडं? मला वाटलं होतं ते रडतील, निदान हात धरतील. मी जिना उतरू लागलो तेव्हा मागून आवाज आला, "कॉपी जरा फिकी काढ. तिच्या घरात उजेड कमी असंल. गडद काढलीस तर चेहरा दिसायचा नाही तिला."

मला त्या क्षणी ती काच त्यांच्या अंगावर फेकून फोडावीशी वाटली. असल्या माणसानं बरोबर का असावं? घरी आलो, कॉपी काढायला बसलो आणि ठरवून गडद काढली. पाण्यातून वर घेतली, बघितली, आणि टाकून दिली. दुसरी काढली ती फिकी. या कॉपीच्या मागं मी काही लिहिलं नाही.

दौलूच्या आईचं घर एका खणाचं, खिडकी नसलेलं. तिनं फोटो दाराशी न नेता चुलीपुढं बसूनच बघितला, आणि तिला तो दिसला. दात दिसले, कपाळावरचा वण दिसला. तिनं बोटानं त्याचं तोंड कुरवाळलं. मी उठू लागलो तशी म्हणाली, "ह्यो जित्ता वाटतोय रं. कुनी शिकीवलं तुला आसं?"

"सांगलीचा एक जण होता," मी म्हणालो.

"द्येव भलं करू त्येचं," म्हातारी म्हणाली आणि फोटो कपाळाला लावला. तिला खरं सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. मग चपला घालून बाहेर पडलो.