बॉयलरशेजारच्या बरण्या

विरजणवालीचं ताक बिघडलं होतं. आंबट असं की दात शिवशिवावेत, खाली चोथा, वर पाणी. ज्या लोण्यासारख्या वासासाठी गिऱ्हाईकं गल्लीच्या टोकापासून भांडं घेऊन यायची, तो वास तर पार गायब. शेजारचा न्हावी एक घोट घेऊन म्हणाला, "काकू, हाताला गुण राहिला नाही आता. वय झालं."

बाईच्या जिव्हारी लागलं. नवरा गेल्यावर याच हातांवर दुकान उभं राहिलं होतं. हात तेच होते. बदलला होता कारभार.

तो आता पोराच्या हातात, आणि पोराला सगळ्याचीच घाई. आंबवायच्या खोलीत गार फरशीवर दही सावकाश लागायचं, ते त्याला बघवेना. त्यानं बरण्या उचलल्या आणि नेऊन दूध तापवायच्या बॉयलरला टेकवल्या.

"बघ आई, निम्म्या वेळात लागतंय! तू उगाच राखण करत बसायचीस."

"अरे गाढवा, विरजणात दोन जातीचे जंतू असतात. एक दांडगट, आंबट करणारे, त्यांना ऊब लागते. दुसरे वास आणणारे, नाजूक, त्यांना गारवा लागतो. तू ऊब दिलीस, दांडगटांनी सगळं दूध हाणलं. वर त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला लावतोस. म्हणजे दिवसेंदिवस दांडगटच माजणार. आपल्या घरातल्यासारखं."

आत सून फिसकन हसली. पोरगा म्हणाला, "जंतूबिंतू काही नाही, दूधच पातळ येतंय," आणि त्यानं गवळी बदलला. मग बरण्या बदलल्या. बॉयलर तेवढा जागच्या जागी.

बाईनं एक बरणी गुपचूप फरशीवर ठेवून पाहिली. दही लागलं, पण वास येईना. नाजूक जात मरून गेलेली, गारवा द्यायचा कुणाला? जुनं विरजण आता एकाच घरात जिवंत होतं, धाकट्या जावेच्या. वेगळं होताना जावेनं वाटीभर विरजण मागितलं होतं, आणि हिनं ते दारातूनच दिलं होतं, आत ये न म्हणता.

तीच बाई आता वाटी घेऊन जावेच्या ताकाच्या दुकानात उभी राहिली.

"या जाऊबाई! आधी पेलाभर ताक घ्या."

गिऱ्हाईकांच्या देखत प्यावं लागलं. तोच वास, तीच चव. बाईचं डोकं आणखीच तापलं.

"बरण्या कुठं ठेवतेस?"

"फरशीवर. तुम्हीच तर ओरडायचात, हलवलीस तर हात मोडीन म्हणून."

एवढं ओरडून ओरडून शहाणं कोण झालं, तर ही!

घरी येऊन बाईनं कोमट दुधाच्या दोन बरण्यांना जावेनं दिलेलं विरजण लावलं आणि हात धुवायला वळली. तेवढ्यात पोरगा दोन्ही काखोटीला मारून निघाला.

"कुठं?"

"बॉयलरजवळ. लवकर लागेल ना."

बाईनं त्याच्याकडून बरण्या ओढून घेतल्या, पिशवीत घातल्या आणि आल्या वाटेनं चालू लागली. मागून पोरगा ओरडत होता, "अगं, दुकानाचं काय?"

जावेनं पिशवीकडे पाहिलं.

"तुझ्या फरशीवर माझ्या दोन बरण्यांना जागा आहे का?" बाईनं भांडायच्याच आवाजात विचारलं.

"आहे की," जाऊ म्हणाली. "पण राखण तुम्हीच करायची. मला हलवायची भीती वाटते."