रिंगची कड

माझ्या गाडीचं मागचं चाक दर तीन दिवसांनी हवा जाऊन बसायचं. बाबांना डायलिसिसला न्यायचं असायचं, त्यामुळे सकाळी खाली उतरलो की पहिली नजर त्या चाकाकडे जायची. तीन गॅरेजवाल्यांनी टायर तपासला, व्हॉल्व्ह बदलला आणि शेवटी नवीन अलॉय व्हील घ्या म्हणून सांगितलं.

उरणच्या रस्त्यावर एक बाई ट्रकची पंक्चरं काढायची. शेवटी गाडी तिच्याकडे नेली. पन्नाशीची, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली. तिने चाक काढून पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि मान तिरकी करून बघत राहिली. बऱ्याच वेळाने रिंगच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला.

"टायर बरा हाय तुमचा. रिंग खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीय."

टायर उतरवल्यावर कडेवर पांढरी भुकटी दिसली. तिने ती तारेच्या ब्रशने खरवडली, मग पॉलिश पेपरने घासली. दर थोड्या वेळाने डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायची.

"झालं की आता," मी म्हणालो.

"डोल्यांना झालं. अंगठ्याला न्हाय."

आणखी अर्धा तास ती घासत होती. मग कडेला सोल्युशन लावून टायर चढवला, हवा भरली आणि चाक पुन्हा टाकीत. ती, मी आणि दोन ट्रक ड्रायव्हर वाकून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. तिने पाण्यावर जोरात थाप मारली. आम्ही चौघंही भिजलो.

महिन्याभराने मुद्दाम त्या तिघांपैकी तिसऱ्याच्या गॅरेजात हवा तपासली. एवढीशीही कमी नव्हती.

"नवीन व्हील घेतलं ना?" गॅरेजवाला म्हणाला.

शेजारी बसलेले बाबा माझ्याआधी बोलले, "जुनंच आहे. चांगलं चालतंय."