पाण्याचं कुणी पुसलं न्हाय

उमरग्याच्या हायवेवर भंगारातला पार्ट घेताना एक प्रश्न विचारायची रीत आहे. किंमत मागनं. आधी विचारायचं, ह्या गाडीत माणूस गेलाय का?

गेला असला तर तो पार्ट ट्रकला चालतो, ट्रॅक्टरला चालतो. बायकापोरं बसतात त्या गाडीला चालत नाही. ही रीत हिंदू गॅरेजवालेही पाळतात, मुसलमानही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं इतकी माणसं खाल्लीत, की त्याच्या कडेला बसून पोट भरणाऱ्याला एवढी भीड ठेवावीच लागते. बाबामियाँ मिस्तरी तर त्याच्याही पुढं जायचे. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचे. डोळे हलले की हातातला पार्ट गपचूप खाली ठेवायचे आणि चहा न घेता निघायचे.

बसस्टँडच्या पलीकडं त्यांचं पत्र्याचं दुकान. ट्रकचे डायनामो नि बॅटऱ्या भरण्यात जवानी गेली. त्यांच्या एकूण एक सदऱ्याला पोटापाशी तेजाबाची भोकं. गुलबानो, त्यांची बायको, म्हणायची की ह्या माणसाला ईदचा नवा कुर्ता म्हणजे चाळणीला रेशीम. पण हात असा, की बंद पडलेली वायरिंग नुसती चाचपून सांगायचे कुठं मेलीय ते. हायब्रिड गाड्या आल्या तेव्हा दुसरे मिस्तरी लांबूनच नमस्कार करायचे. बाबामियाँनी मोबाइलवर परदेशी मिस्तऱ्यांचे व्हिडिओ बघितले. भाषा कळत नव्हती. ते नुसते हात बघायचे.

मोंढ्यातल्या शंभुलिंग आडत्याची गाडी तसलीच, हायब्रिड. हैदराबादेतनं जुनी घेतलेली. घेतली आईसाठी. मल्लम्माची मूत्रपिंडं कामातनं गेलेली. आठवड्याला दोनदा सोलापूरला मशीनवर न्यावं लागायचं. जीपच्या हिसक्यानं बाईची हाडं वाजायची. ही गाडी पाण्यावरनं चालल्यागत जायची, आवाज नाही की धक्का नाही. मागच्या सीटवर वाकळ पांघरून मल्लम्मा टेकून बसायची. भर उन्हाळ्यातही तिला थंडी. रक्तच गार पडलंय, म्हणायची.

मग गाडीच्या काट्यांमधी लाल तिकोन पेटायला लागला. चढाला गाडी धापा टाकायची. कंपनीवाल्यांनी नव्या बॅटरीचा जो भाव सांगितला, त्यात दुसरी गाडी आली असती. शंभुलिंग बाबामियाँच्या दुकानात येऊन बाकड्यावर बसला.

"चाचा, गाडी धड हाय, तिचं काळीज तेवढं थकलंय. काय करता येतंय का?"

"नव्या मॉडेलच्या गाडीची बॅटरी ह्याच्यात बसती. ठोकळे त्याच मापाचे, जीव जास्त. पण नव्या गाडीचं भंगार घावाय पायजे."

"घावलं तरी अव्वाच्या गाडीत मयताचं काय नको बगा."

"ते सांगायला पायजे व्हय मला?"

जहीराबादच्या अलीकडं एका यार्डात माल असल्याचं कळलं. दोघं मिळून गेले. चेंबलेल्या, दुमडलेल्या, आतडी बाहेर आलेल्या गाड्यांच्या पलीकडं दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच रंगाच्या, नव्या मॉडेलच्या. ना कुठं चेंबलेल्या, ना काच फुटलेली. सीटवर डाग नाही. भंगारात उभ्या असलेल्या त्या दोन गाड्या म्हणजे मयतीला नटून आलेल्या बायका. बाबामियाँनी दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं.

"इसमें कोई मरा क्या?"

"नै," यार्डवाला म्हणाला. "दोनो में नै. किसी कू खरोंच बी नै आयी."

त्याचे डोळे हलले नाहीत. शंभुलिंगानं मोकळा श्वास सोडला. एका गाडीची बॅटरीची पेटी काढून घेतली, दुसरीची तिथंच राहिली.

दुकानात बाबामियाँनी ती पेटी उघडली. आत प्लास्टिकचे चपटे ठोकळे ओळीनं दाटीवाटीनं बसवलेले, तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. एकेका ठोकळ्याला हेडलाइटचा बल्ब लावून ते बघत बसले, किती वेळ उजेड धरतोय. सगळ्यांनी धरला. पट्ट्या मात्र हिरव्या-काळ्या पडलेल्या. त्या त्यांनी गुलबानोकडं दिल्या. घरातली तांब्याची भांडी ती चिंच-मिठानं घासायची, तशाच पट्ट्या घासायला बसली.

"ओ जी," ती आतनं म्हणाली, "ये धूल नै है. धूल झटके तो जाती. ये जमके बैठी है."

"रस्त्यावरची गाडी हाय. माती असणारच."

"माती का रंग बी वेगळाच है. काली नै, पांढरी."

"तू घास गं."

तिनं घासल्या. पट्ट्या नव्या नवरीच्या बांगड्यांगत चमकायला लागल्या. त्या पट्ट्यांना जे काही सांगायचं होतं, ते चिंचेच्या कोळासोबत मोरीतनं वाहून गेलं.

ठोकळे गाडीच्या जुन्या पेटीत भरले, बॅटरी बसली. लाल तिकोन विझला. शंभुलिंगानं चाकाखाली लिंबू ठेवलं, मल्लम्मानं बॉनेटला विभूतीची बोटं ओढली आणि गाडी सोलापूरला जाऊन आली. येताना मल्लम्मानं मुद्दाम दुकानापुढं गाडी थांबवायला लावली. काच खाली करून म्हणाली,

"बाबामियाँ, काय केलास रे तू हिला? बेच्चग झालीया. पाठीला शेक दिल्यागत ऊब येतीया. आता सोलापूर लांब वाटत न्हाय मला."

"तुम्हाला बरं वाटलं का, अक्का? मग झालं."

थोडी ऊब येणारच. सीटच्या पाठीमागंच बॅटरी, तिचा पंखा, कोमट हवा यायचीच. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुढच्या खेपेला मल्लम्मा परत तेच म्हणाली, की लई ऊब येती, डोळाच लागतो. तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. पण त्या दिवशी जेवताना त्यांचा घास हातात राहिला होता, हे गुलबानोनं बघितलं.

रिकामी लोखंडी पेटी दुकानामागं पडून होती. कोंबड्यांना पाणी ठेवायला बरी, म्हणून एका सकाळी गुलबानो ती धुवायला बसली. कोपऱ्यात बोट घालून खरवडलं तर ढेकूळ निघालं, आणि ढेकळात हरभऱ्याएवढी एक गोगलगाईची शंखी. गुलबानोचं माहेर तेरचं. तेरणेच्या काठी असल्या शंख्या ओच्यात भरून खेळलेली बाई. ती तळहातावर शंखी घेऊन दुकानात आली आणि तिनं हात पुढं केला.

बाबामियाँनी शंखीकडं बघितलं. उमरग्यात जन्म गेलेला माणूस. हंड्यामागं पळायचं, टँकरमागं पळायचं, एवढाच पाण्याशी संबंध. पाणी म्हणजे बरकत. पाण्यानं काही नासतं, हे ह्या मुलखातल्या माणसाच्या ध्यानात येतच नाही. रस्ता माणसं मारतो म्हणून रक्ताचं विचारायचं, तेवढंच पिढ्यांनी शिकवलेलं.

"गाडी बुडालेली हाय," ते म्हणाले.

पाणी वाळून जातं, गाळ जात नाही. फटीत बसलेल्या गाळातनं वीज आपली वाट शोधते, आणि जिथनं वाट काढते तिथं तापत राहते. मल्लम्माची पाठ नेमकी तिथं टेकलेली.

त्यांनी शंभुलिंगाला फोन लावला. उचलला त्याच्या आडत दुकानातल्या मुनीमानं. "सौद्याचा दिवस हाय चाचा, फोन हितंच ठिवून गेले. आत्ता दाळिंब गाव सोडलं आसंल बगा, अव्वाला घिऊन."

बाबामियाँनी रबरी हातमोजे खिशात कोंबले आणि मोटारसायकल काढली. दाळिंब गेलं, येणेगूर गेलं. रस्त्याच्या कडेला कुठं टायर जळाल्याचा काळा डाग दिसला की त्यांचा हात आपोआप ढिला पडायचा. लांब कुठं बांधावर पाचट पेटवलेलं, त्याचा धूर हायवेवर आडवा आलेला. त्या धुरातनं बाहेर पडेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

जळकोटच्या अलीकडं एका हॉटेलापुढं लिंबाखाली गाडी उभी होती. शंभुलिंग बाहेर चहा पीत होता. गाडी चालूच, आतलं वारं चालू, आवाज मात्र कसलाच नाही. मागच्या सीटवर मल्लम्मा वाकळीत गुरफटून झोपलेली.

बाबामियाँनी सरळ मागचं दार उघडलं. गोडसर, करपट वास आला.

"अक्का, उतरा."

तिनं डोळे किलकिले केले. "का रे? निजू दे की. बेच्चग हाय."

"उतरा म्हणतो ना."

असा आवाज त्यांनी तिच्याशी कधी काढला नव्हता. ती उतरली. शंभुलिंग ग्लास हातात धरून धावत आला. बाबामियाँनी गाडी बंद केली, हातमोजे घातले, डिकीतनं हात घालून बॅटरीची वीज तोडणारं नारिंगी कुलूप उपसलं. मग सीटची पाठ काढली. मधले ठोकळे दिवस भरलेल्या बाईच्या पोटागत फुगले होते. दोन पट्ट्यांमधलं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं. वाकळीच्या मागच्या बाजूला पिवळट डाग पडला होता, वीतभर.

शंभुलिंगानं त्या डागावर हात फिरवला आणि वाकळ खाली टाकली.

"चाचा, तुम्ही हात लावून दिलेलं काम हाय हे."

"व्हय. म्या लावलेलं."

"विचारलं व्हतं की आपण त्याला."

"इचारलं व्हतं. भलतंच इचारलं."

मल्लम्मा लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती, उन्हात, तरी कुडकुडत. "म्हंजी ती ऊब वाईट व्हती व्हय?" तिनं विचारलं. सोलापूरची एसटी आली. शंभुलिंगानं हात करून थांबवली, आईला धरून वर चढवलं. मशीनची वेळ टळून चालत नाही. वाकळ खालीच राहिली.

तिथनंच बाबामियाँनी यार्डवाल्याला फोन केला.

"हौ, पानी की थी," तो शांतपणे म्हणाला. "तलाव फुट्या, पार्किंग में पानी घुस्या. दोनो वहींच थ्या. तुम पूछे कोई मरा क्या, मैं बोल्या नै मरा. झूट बोल्या क्या? पानी का पूछेच नै तुम."

"दूसरी पेटी?"

"वो तो गई. तुम्हारे बाद एक जना ले गया."

"कौन?"

"नाम कौन पूछता मियाँ. तुम्हारेच तरफ का था. वो बी आके पहले येईच पूछ्या, कोई मरा क्या."

बाबामियाँनी फोन खिशात ठेवला. म्हणजे आपल्याच लाइनीतला माणूस. भिडेचा, रीत पाळणारा. उत्तर ऐकून समाधानानं पेटी घेऊन गेलेला.

शंभुलिंगानं ती गाडी विकून टाकली, बॅटरी काढून. मल्लम्मा एसटीनं जाते, दोन स्वेटर घालून. बाबामियाँचं दुकान चालू आहे, पण जुम्म्याला कुलूप असतं. नमाज झाली की ते मोटारसायकल काढतात आणि गॅरेजं पालथी घालतात. नळदुर्ग झालं, तुळजापूर झालं, धाराशिवला स्टेशन रोडची सगळी ओळ झाली. "जहीराबादवरनं पेटी आणलीया का कुणी? पाण्यातली हाय ती." कुणी हसतं, कुणी चिडतं. आणली म्हणून कुणी कबूल होत नाही. भंगारातली बॅटरी नवी म्हणून बसवलेली असते, कबूल कोण होणार.

परवा उमरग्याच्या चौकात एक गाडी थांबली. तसलीच, बिनआवाजाची. मागं एक म्हातारा सीटच्या पाठीला डोकं टेकून झोपलेला, तोंड उघडं. बाबामियाँनी रस्ता ओलांडला आणि ड्रायव्हरच्या काचेवर बोटांनी टकटक केलं. "साहेब, मागं गरम लागतंय का कुणाला?"

काच चार बोटं खाली आली. आतनं गार वारं आलं, आणि एक नोट आली. भोकाभोकाच्या सदऱ्यातल्या माणसाला द्यायची तशी.

त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं. तोवर काच वर गेली होती. पुढचा ट्रक हलला आणि गाडी त्याच्यामागं सोलापूरच्या बाजूला निघून गेली. कसलाच आवाज आला नाही.