फ्रिग्गेचा गुरुवार

बेंग्ताला कातायला बसवलं तेव्हा तिचे पाय चरख्याच्या पायानं दाबायच्या फळीला पोचत नव्हते. आईनं खाली ओंडका सारला आणि पोर जी बसली ती बसलीच. पुढं लग्न झालं, दोन लेकरं मातीत गेली, एक जगलं, नवराही गेला. चाक आपलं फिरतंच. स्मोलांदच्या त्या दगडाळ रानात राय हे धान्य कमी पिकायचं, जवस मात्र बरं यायचं. जवसाच्या देठातल्या धाग्यांचं सूत काढायचं तर बोट सारखं थुंकीनं ओलं करावं लागतं. म्हातारपणी तिच्या तोंडाला कोरड पडली. "थुंकी संपली, आता मरायला हरकत नाही," म्हणायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर चढलेला. चर्चमध्ये मागं बसणाऱ्याला वाटायचं, बाई पाद्रीबुवांचं बोलणं खांद्यावरून उडवून लावतेय.

आठवड्यात तिला विसावा एकच, गुरुवारची सांज. रविवार म्हणाल तर तो चर्चच्या कडक बाकावर जायचा, आणि गाईंना काही रविवार कळत नाही. पण गुरुवारी दिवस बुडाला की चाकाला हात लावायचा नाही. त्या वेळी जुन्या काळची देवी फ्रिग्गे स्वतः कातायला बसते. तिच्या चाकाबरोबर दुसरं चाक फिरलं तर ती घरात शिरते आणि सूत नासवून जाते. हिवाळ्यात आभाळात तीन तारे ओळीनं दिसतात ना, ती तिची जवस गुंडाळायची काठी. पाद्रीबुवा म्हणत, हे सगळं येशूच्या आधीचं खूळ. बायका मान डोलावत, आणि गुरुवारी चाकाची दोरी उतरवून ठेवत.

सून आली हुल्दा. शिकलेली, हाताला चपळ, तोंडाला त्याहून. त्या वर्षी तिनं विणकरीण मार्ताला शब्द देऊन टाकला की यूलच्या, म्हणजे नाताळच्या, आधी सगळं सूत पोचवते. यूल लागलं की बारा दिवस चाक बंद, ते हुल्दाच्या माहेरीही पाळत. सूत तर निम्मंच झालेलं, आणि मधे हा गुरुवार आडवा आला.

"सासूबाई, आज दोरी उतरवू नका."

"आज गुरुवार आहे."

"वार मला कळतात."

"मग विचारतेस कशाला?"

"तुमची ती फ्रिग्गे पाहिलीय का कुणी?"

"मला कुठं बघायचीय? आली तर कॉफी मलाच करावी लागेल."

चुलीपाशी चमचा कोरत बसलेला लेक अल्गोत म्हणाला, "आई, एकच गुरुवार गं."

एकच! म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. आज चाक फिरलं की पुढच्या गुरुवारी कोण थांबवणार? पण लेकानंच सांगितल्यावर बोलायचं काय? ती बसली.

हुल्दा धारा काढायला गोठ्यात गेली. अल्गोत बसल्या जागी पेंगला. बेंग्ता कातत होती आणि कान देत होती. खिडकी वाजेल, दिवा फडफडेल, निदान कुत्रं तरी गुरगुरेल. कुत्रं घोरत होतं. आणि सूत? वर्षभरात उतरलं नव्हतं असं, केसासारखं सरळ.

हे सूत सुनेच्या हाती पडलं की संपलंच. आपला गुरुवार गेला, आणि ही बातमी मार्ताकडं पोचली की गावातल्या सगळ्या बायकांचा गेला.

तिनं फिरकीवरचं सूत ओढून मांडीवर घेतलं आणि गुंतवायला लागली. जन्मात कधी सूत नासवलं नव्हतं. बोटांना जमेचना. एक गाठ घालावी, तर दुसरा हात सवयीनं ती सोडवायचा. "मेल्यांनो, ऐका की," ती बोटांवर खेकसली.

"कुणाशी बोलताय?"

हुल्दा दारात उभी होती, हातात दुधाची बादली. किती वेळ उभी होती, देव जाणे. हुल्दानं बादली खाली ठेवली, मांडीवरचा तो गुंता बघितला, झोपलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"आली होती वाटतं," ती हळूच म्हणाली.

"आली होती."

हुल्दा बाकावर बसली. तिचे हात थंडीनं फुटले होते, पोटात पाचवा महिना, आणि उद्याचं लोणी घुसळायचं अजून बाकीच होतं.

"सासूबाई, घुसळलेलं चालतं का हो तिला?"

"गोल फिरतं ते चालत नाही."

"घुसळणीचा दांडा तर वर-खाली जातो."

बेंग्तानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, विशीतली पोर आणि चाळिशीची दिसत होती.

"तेही चालत नाही," ती म्हणाली. "घुसळताना माणूस डोलतं. ते फिरणंच झालं."

"नक्की?"

"आजीनं सांगितलंय."

"माझ्या का तुमच्या?"

"बस गप."

हुल्दानं पाय लांब केले. "आणि मार्ताला काय सांगू?"

"खरं सांग. फ्रिग्गेनं नासवलं म्हणावं."

मार्ता चिडली, तिचं कापड यूलनंतर झालं, आणि हुल्दाला चार बोल ऐकावे लागले. पण त्या खोऱ्यात अजूनही गुरुवारी सांजेला कुणी लोणी घुसळत नाही. का म्हणून विचाराल, तर बायका सांगतात, फ्रिग्गेचा नवरा ओदिन, त्या देवाच्या वेळेपासूनचं आहे हे.