लेझीम खेळताना दुखणारा दात

आईचा दात फक्त लेझीम खेळताना दुखायचा. जेवताना नाही, झोपताना नाही, कडक भाकरी कडाकडा मोडून खाताना तर मुळीच नाही. हलगी सुरू झाली, चार-दोन बैठका आणि उड्या झाल्या, की ती डावीकडची खालची दाढ धरायची. बाजूला येऊन पायरीवर बसली की पाच मिनिटांत थांबायचं. मग पुन्हा ओळीत.

जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीतल्या बायकांचं लेझीम पथक असतं आणि त्यात आई पहिली. शिट्टी तिच्या तोंडात. शाळेत शिपाई म्हणून जन्म काढून रिटायर झाली, साठी उलटली, पण ओळीतली ती जागा तिनं कुणाला दिली नव्हती. मिरवणूक दीड महिन्यावर आलेली. दात की जागा अशी वेळ आली तर ती आधी दात सोडणार, हे मला कळायला हवं होतं.

कारणं सांगायला वस्ती तयारच होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मिसरी लई लावतीस, त्यानंच." पथकातल्या बायकांचं मत पडलं की शिट्टी दातात आवळून धरते म्हणून. मी बँकेत नोकरी करणारी, घरातली शहाणी; मी मोबाईलवर बघितलं. उड्या मारताना दात दुखतो तो दाताला बारीक चीर गेली म्हणून, दातात भरलेलं जुनं सिमेंट सैल झालं म्हणून, दात आवळायच्या सवयीनं, नाहीतर सर्दीनं नाकाशेजारच्या पोकळ्या भरल्या म्हणून. सगळ्यात खाली हृदयाचंही लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि पुढं सरकवलं. तिच्या छातीत कुठं दुखत होतं? आणि हार्टचं दुखणं पुरुषांचं, असं माझं डोकं. मी तिला वाफ घ्यायला लावली. माझं मन राखायला तिनं तीन दिवस घेतलीही.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर आई कापसाचा बोळा चावत बसलेली. एकटीच शुक्रवार पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन दाढ काढून आली होती. दाढ चांगली आहे, जराशी हलतेय एवढंच, असं ते सांगत होते म्हणे. हिनं हट्टच धरला.

"दात माजा हाय का त्येंचा?" तिनं मलाच विचारलं. मला राग आला आणि हसूही आलं.

जखम भरल्यावर ती पुन्हा ओळीत उभी राहिली. तिसऱ्या बैठकीला हात गालावर गेला. पायरीवर येऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. आईला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, दात न्हाय तितंच दुखतंय की."

दुसऱ्या दिवशी मी तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले, भांडायच्या तयारीनं. त्यांनी शेजारचे दात ठोकून बघितले, तिला खाली वाकायला लावलं. काहीच दुखेना. मग ते हातातला आरसा ठेवून स्टुलावर बसले.

"मावशी, जिना चढताना पण दुखतं?"

"व्हय. गच्चीवर कपडे वाळत घालाय गेले की."

"आणि बसलं की थांबतं?"

"लगेच."

"हे दाताचं नाही," ते मला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता हार्टच्या डॉक्टरकडे न्या. रिक्षानं न्या, पायी चालवू नका. मी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझं भांडण तोंडातच राहिलं.

नवी पेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली. आई म्हणाली, "दाढ फुकट गेली की गं." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, पण बंब तिथं न्यायला मीही हातभार लावला होता. सरकवलेली ती ओळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी तिचा हात घट्ट धरून बसले.

हृदयाची मोठी नस जवळजवळ बंद झालेली निघाली. त्याच दिवशी स्टेंट टाकला. अजून आठ दिवस उड्या मारल्या असत्या तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. लेझीमला तूर्त बंदी.

मिरवणुकीला आई कडेला खुर्चीवर बसली आणि तिनं मला ओळीत ढकललं. चाळिशी ओलांडलेली मी, कधी लेझीम हातात धरलं नव्हतं. पहिल्याच बैठकीला चुकले.

"अगं ए, खाली बस की! गुडघं काय भाड्यानं आणलेत का तुजं?"

अख्खा चौक हसला. हलगीच्या वर तिचा आवाज येत होता, खणखणीत, एका दमात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढची बैठक मला आईचं बघून बघून येत होती. ती मी मुद्दाम चुकवली.